नऊ खुंट्या

आईची खोली आवरताना आम्ही दोघं भावंडं फारसं बोलत नव्हतो. मी औषधांच्या बाटल्या पिशवीत भरत होते आणि बारक्या तिच्या चाकांच्या खुर्चीवरची उशी सोडवत होता. खुर्ची संस्थेची होती आणि आता दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाणार होती. त्यानं ती पुसली, चाकांना तेल दिलं, दाराशी नेऊन ठेवली. मग आम्ही दोघांनी एकदमच खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं आईचा फोन होता आणि फोनशेजारी ती फळी.

"हिचं काय करायचं?" मी विचारलं.

"राहू दे तिथंच. कुणाला लागली तर देता येईल."

फळी त्यानंच केलेली. माझा भाऊ सुतार आहे, खुर्च्या बनवतो. सहा फुटांचा झाला तरी घरात त्याचं नाव बारक्याच राहिलं. फळी म्हणजे पाठ्यपुस्तकाएवढा गुळगुळीत लाकडाचा तुकडा. एका बाजूला तीन ओळींत नऊ भोकं, दुसऱ्या बाजूला बशीसारखा खळगा, खळग्यात नऊ खुंट्या. एकेक खुंटी उचलायची, भोकात बसवायची, नऊ झाल्या की एकेक काढून परत खळग्यात टाकायची. धडधाकट माणसाला हा पोरखेळ वाटतो. आमच्या आजारात दर वर्षी त्याला थोडा जास्त वेळ लागतो, आणि किती जास्त यावरून आजार कुठवर आला ते डॉक्टरांना समजतं.

आजाराचं नाव लांबलचक आहे आणि ते सांगून कुणाला काही कळत नाही. आधी तोल जातो, मग हात, मग जीभ, शेवटी गिळणं. आईला तो तिच्या वडिलांकडून आला. तिच्या मुलांना तो येणार की नाही, हे नाणेफेकीसारखं असतं. आम्ही दोघांनी रक्त तपासून घेतलं तेव्हा मी सुटले, बारक्या नाही सुटला.

असा आजार असलेली माणसं इतकी थोडी, की त्यांच्यासाठी औषध शोधायला कुणी आपणहून पुढे येत नाही. म्हणून आईनं आणि आणखी काही घरांनी मिळून संस्था काढली. संस्था म्हणजे प्रत्यक्षात एक भाड्याची खोली, वर्षातून एक मेळावा आणि आईच्या टेबलावरचा हा फोन. ज्याला नुकतंच निदान कळलंय अशा माणसाला दवाखान्यातून हा नंबर देत. आई त्यांच्याशी बोलायची. तिची स्वतःची जीभ जड झाली तरी बोलायची. कुणाला वचन द्यायचं नाही, आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही, एवढे दोनच तिचे नियम होते. पलीकडचा माणूस नुसता श्वास घेत बसला तरी तीही बसून राही. मी कधी म्हटलं, "आई, अगं कोणी बोलत नाहीये," तर ती रिसीव्हरवर हात ठेवून म्हणे, "बोलतोय की. तुला ऐकू येत नाही."

संस्थेनं साठवलेल्या पैशांतून एका प्रयोगशाळेत एक तरुण संशोधक बाई कामाला लागल्या. बाकीचे त्यांना डॉक्टरबाई म्हणत, आई 'ती पोरगी' म्हणायची. मेळाव्याच्या दिवशी डॉक्टरबाई सगळ्या रुग्णांची मोजणी करत: चालणं, बोलणं आणि खुंट्या. आणि आई घरी आली की दर वर्षी एकच तक्रार करायची. "त्या पोरीचा चेहरा बघवत नाही गं. घड्याळ बघते आणि तोंड एवढंसं होतं तिचं. अशानं ती सोडून जाईल एक दिवस."

"तिचं ते कामच आहे," मी म्हणायचे.

"काम आहे म्हणून काय झालं? वाईट वाटायचं तेवढं वाटतंच."

मग डॉक्टरबाईंना एक औषध सापडलं. नवं नव्हे, दुसऱ्याच कशासाठी तरी आधीपासून वापरलं जाणारं. आमच्यातल्या थोड्या लोकांना ते वर्षभर देऊन पाहायचं ठरलं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी, असं करायला संस्थाच तयार झाली नाही. मुळात मूठभर माणसं, त्यांत खोटी गोळी कुणाच्या हातावर ठेवायची? म्हणून निवडलेल्या सगळ्यांनाच खरी दिली, आईला आणि बारक्यालाही, आणि ज्याची त्याची मोजणी मागच्या वर्षांशी ताडून पाहायची असं ठरलं.

त्याच सुमारास आई बारक्याला म्हणाली, "मला घरी तसली फळी करून दे. परीक्षेला बसायचं तर अभ्यास नको?"

त्यानं करून दिली. आई फोनवर ऐकता ऐकता डाव्या, उजव्या हातानं खुंट्या बसवत असे. टक, टक, टक. तिला जमायला लागलं, तसं तिनं दुसऱ्यांनाही सांगितलं. बारक्या उरल्यासुरल्या लाकडातून फळ्या करत गेला. या सरावाला संस्थेत सगळे गृहपाठ म्हणायचे. चाचणीसाठी घरी येणारी नर्स सरावाबद्दल कधी काही विचारायची नाही, कारण तसली फळी बाजारात मिळत नाही, आणि रुग्णाच्या घरी सुतार असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

गोळ्यांचं वर्ष संपलं, शेवटची मोजणी झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. घास श्वासनलिकेत गेला, त्यातून न्यूमोनिया झाला. मोजणीवरून आली होती तेव्हा फार खुशीत होती. "पोरगी हसली आज," म्हणाली.

*

या वर्षीच्या मेळाव्यात आईचा फोटो बोलणाऱ्याच्या टेबलावर ठेवला होता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, बारक्या कडेला भिंतीला टेकून उभा होता. पहिल्या रांगेत हेडमास्तर, संस्थेचे अध्यक्ष. ते खरोखरच एका शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि निवृत्त झाल्यावरही सगळं जग त्यांना उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखंच दिसे. शेजारी त्यांची मुलगी, चाकांच्या खुर्चीत. आमच्या बारक्याच्याच वयाची.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर रेघा दाखवल्या. पहिली रेघ चालण्याची. ती मागच्या वर्षांसारखीच खाली घसरत होती. दुसरी बोलण्याची, तीही तशीच. तिसरी रेघ हातांची. ती सगळी वर्षं उतरत आली होती, आणि औषध सुरू झालं तिथं वळून वर चढली होती.

"हे असं का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हातांवर या औषधाचा परिणाम होतोय असं दिसतं. एवढ्यावर एक कंपनी मोठ्या चाचणीला तयार झाली आहे."

लोक टाळ्या वाजवत होते. ज्यांना वाजवता येत नव्हत्या ते खुर्चीच्या हातावर तळवा आपटत होते. हेडमास्तरांनी उठून सांगितलं, की संस्था या चाचणीसाठी जो निधी उभारील त्याला आईचं नाव द्यायचं. बारक्याचं नाव मोठ्या चाचणीच्या यादीत आधीच होतं. तो भिंतीला टेकून नुसता मान हलवत होता, हसत होता, आणि कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं.

मला मात्र त्या तिसऱ्या रेघेत आईचे शेवटचे महिने दिसत होते. सकाळी तिच्या स्वेटरची बटणं मी लावायचे. कप तिच्या हातून दोनदा फुटला, मग आम्ही झाकणाचा पेला आणला. किल्ली कुलपात घालता येईना म्हणून ती दार उघडंच ठेवायला लागली. आणि त्याच हातांनी दुपारी टेबलावर खुंट्या मात्र टक, टक, टक. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. आता पडद्याकडे बघताना मी बारक्यानं वाटलेल्या फळ्या आठवून मोजायला लागले.

मेळावा संपल्यावर लोक खुर्च्या एकावर एक रचत होते. मी हेडमास्तरांना गाठलं.

"काका, बारक्याच्या फळ्या किती जणांकडे आहेत?"

"आहेत की बऱ्याच. आमच्या बाळीकडे आहे. का गं?"

"ती रेघ औषधानं चढलीये की सरावानं?"

ते हातातली खुर्ची खाली न ठेवता माझ्याकडे बघत राहिले. त्यांना प्रश्न कळला होता. मला वाटतं, तो त्यांना आधीच पडलेला होता.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं आपल्या दाराशी कुणी फिरकलं नाही. आता एक कंपनी आलीये. औषधात दम असेल-नसेल ते मोठ्या चाचणीत दिसेलच की. आपण कशाला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि औषधात दम नसला तर? एका चाचणीत असलेल्याला दुसऱ्या औषधासाठी घेत नाहीत. बारक्याची वर्षं जातील. बाळीचीही."

"बाळीची वर्षं," ते म्हणाले, आणि मग खुर्ची रचणीवर ठेवली. "बाळीची वर्षं मला मोजून दाखवू नकोस."

*

बारक्याचं वर्कशॉप आमच्या रस्त्याच्याच टोकाला आहे. मी गेले तेव्हा तो खुर्चीच्या पाठीला पॉलिशकागद मारत होता. बारीक कापणीचं काम त्यानं बरेच दिवस सोडलंय, रंधा एकदा हातातून निसटल्यापासून. आता तो घासतो, चिकटवतो आणि कापायचं तेवढं शेजारच्या दुकानातून कापून आणतो. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

मी सगळं सांगितलं. तो घासत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे आईनं कॉपी केली, असं म्हणतेस."

"कॉपी नाही रे. तिला वाटलं, त्या बाईंना धीर येईल."

"मग येऊ दे की धीर. तुझं काय जातंय?"

"बारक्या..."

"नाही, सांग ना. तुझं काय जातंय? तू सुटलीस, ताई. खरं बोलणं तुला परवडतं. उद्या कंपनी पळाली तर तू तुझ्या ग्रंथालयात जाशील आणि पुस्तकं लावशील. मी काय लावू?"

तो बोलला ते खरंच होतं, आणि आमच्या घरात ते पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं.

त्यानं फडताळातून एक फळी काढली, बाकावर ठेवली. "आणि तुला कोण म्हणालं, हा नुसता सराव आहे म्हणून? बघ."

खुंट्या त्यानं अशा बसवल्या की मला बोटं नीट दिसलीही नाहीत. टक, टक, टक, नवापर्यंत, आणि तितक्याच वेगानं परत खळग्यात. मग माझ्याकडे बघून हसला. लहानपणी झाडावरून उडी मारून झाली की असाच हसायचा.

"चल," तो म्हणाला, "चहा प्यायला जाऊ. तुझं तोंड बघवत नाही."

खुंटीवरचा कोट काढून त्यानं अंगात घातला. बाहेर गारठा होता. तो बटणं लावायला लागला. पहिलं बटण काजापाशी गेलं, घसरलं. पुन्हा गेलं, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा त्यानं ते भलत्याच काजात कोंबलं. मी दाराशी उभी होते. दुसरीकडे बघायला हवं होतं, पण नजर हलेना. मग मी पुढे झाले आणि खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली. त्यानं लावू दिली.

"आईचंही असंच होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं बाकावरची फळी उचलून परत फडताळात ठेवली. मग म्हणाला, "तू जा. सांग तिला. मी येणार नाही. आणि आईबद्दल असलं काही मी कुणाला सांगणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ."

चहाला आम्ही गेलो नाही.

*

डॉक्टरबाईंची खोली प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला होती. खिडकीत वाळायला टाकलेल्या काचेच्या नळ्या, टेबलावर अर्धा खाल्लेला पाव, भिंतीवर मागच्या एका मेळाव्याचा फोटो. त्यात आई मधोमध बसली होती. मी पिशवीतून तिची फळी काढून टेबलावर ठेवली आणि बोलले.

माझं संपल्यावर डॉक्टरबाईंनी एक खुंटी उचलली आणि भोकात घातली. चपखल बसली. बारक्याचं काम तसंच असतं.

"किती घरांत आहेत या?"

"मला माहीत नाही. माझ्या भावाला माहीत आहे."

"ज्यांच्याकडे नव्हती त्यांचे आकडे वेगळे काढता येतील," त्या म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळत नव्हतं. "तेवढ्यांत जरी थोडा फरक दिसला, तरी काहीतरी हातात राहील. नाही दिसला, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पण नेमकी कुणाकडे होती ते कळायला हवं. अंदाजानं नाही चालणार. आणि लवकर. कंपनीला मी उद्या-परवा कळवणारच आहे. ते थांबवता येणार नाही मला."

"थांबवा असं म्हणायला मी आले नाहीये."

"माहीत आहे."

मग त्यांनी विचारलं, "पण त्यांनी हे का केलं असेल? तुमच्या आईंनी? चाचणीचा अर्थ त्यांना माझ्याइतकाच कळत होता. नव्या लोकांना त्याच समजावून सांगायच्या."

मी सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. पण त्या बाईंनी आपल्या वयाची चांगली वर्षं आमच्या आजारात घातली होती, आणि त्यांना खोटं उत्तर देणं मला जमलं नाही.

"मोजताना तुमचा चेहरा पडायचा," मी म्हणाले. "ते तिला बघवायचं नाही."

त्या उठून खिडकीशी गेल्या. नळ्या जराशा सारख्या केल्या, ज्या मुळात सरळच होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "शेवटच्या वेळी मी त्यांना मिठी मारली होती." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही तुमच्या भावाशी बोला."

*

बारक्या दोन-तीन दिवस फिरकला नाही. मी फोन केला तर उचलला नाही. त्याला पुन्हा जाऊन सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. सांगणार काय, की तुझं औषध मी बुडवलंय, आता बाकीच्यांचं बुडवायला मदत कर?

मग एका सकाळी आईच्या खोलीतून आवाज आला. मी पाहिलं तर तो तिच्या टेबलाशी बसला होता. खाली जमिनीवर एक पोतं, आणि पोत्यात त्याच्या वर्कशॉपमध्ये उरलेल्या फळ्या.

"त्या बाईंनी तुला सांगितलं का, की कंपनी थांबलीये?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"नाही."

"हेडमास्तरांना काल रात्री कळवलं त्यांनी. नुसतं, आकडे पुन्हा तपासायचेत म्हणून. कारण सांगितलं नाही. सकाळीच आले होते माझ्याकडे. मला म्हणाले, कोंबडं झाकलं होतं तसंच झाकून ठेव, निदान तू तरी."

"मग?"

"मी म्हटलं, काका, तांबडं फुटायचं ते फुटलंच आहे." त्यानं जीभ ओठांवरून फिरवली. हल्ली मोठं वाक्य बोलायच्या आधी तो तसं करतो. आईही करायची. "ते तसेच परत गेले. घरी पोचले असतील आता."

त्यानं रिसीव्हर उचलला. नंबर लावायला त्याला वेळ लागला. एक आकडा चुकला, त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. मी मदतीला पुढे झाले नाही.

"काका, मी बोलतोय. नाही, तसं काही नाही, ताई बरी आहे. काका, बाळीकडे जी फळी आहे ती मी दिलेली आहे, हे मी आज डॉक्टरबाईंना सांगणार आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय सांगायचं नव्हतं, म्हणून फोन केला. सगळ्यांनाच करतोय. तुम्हाला पहिला."

पलीकडून हेडमास्तरांचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता. शाळेच्या मैदानावर पोचेल असा आवाज. आईचं नाव त्यात होतं, माझंही होतं. आम्हाला काय कळतं म्हणून विचारत होते, आणि आई असती तर असं कधीच होऊ दिलं नसतं म्हणत होते. बारक्या ऐकत होता. त्याचा मोकळा हात टेबलावर होता आणि बोटं आपोआप फळीच्या जागेकडे गेली. फळी तिथं नव्हती, ती डॉक्टरबाईंकडे होती. बोटं रिकाम्या लाकडावर थोडा वेळ चाचपडली आणि थांबली.

मग आवाज उतरला. इतका, की मला शब्द ऐकू येईनात. बारक्याच्या चेहऱ्यावरून काय विचारलं गेलं ते समजत होतं. आई गेल्यापासून आमच्या घरी आलेल्या प्रत्येक फोनवर कुणी ना कुणी तेच विचारत होतं: मग आता माझ्या पोरीनं काय करायचं?

"मला माहीत नाही, काका," बारक्या म्हणाला. "मला माझंही माहीत नाही."

त्यानंतर दोन्हीकडे कुणीच बोलत नव्हतं. रिसीव्हर जड झाल्यासारखा बारक्यानं तो दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आता तो ठेवेल. बाकीची सगळी घरं अजून राहिली होती, आणि पुढच्या प्रत्येक घरी हेच ऐकायचं होतं. त्यानं खुर्ची जराशी खिडकीकडे फिरवली, कोपर टेबलावर टेकलं आणि कानाला रिसीव्हर लावून बसून राहिला.

मी पोतं उचलून भिंतीशी सरकवलं, म्हणजे त्याच्या पायात येणार नाही. खोलीत आवाज नव्हता. मी कान देऊन पाहिलं, पण मला अजूनही काही ऐकू येत नव्हतं.